चोवीस मिनिटांची शिल्लक

दिवाळीला दीड महिना राहिला असताना माझा पुतण्या एका संध्याकाळी संगणकावरून काढलेला कागद घेऊन घरी आला. त्याचे किराणा मालाचे मोठे दुकान आहे. त्याच्या वडिलांच्या काळी गल्ल्यावर एकच माणूस बसे. आता तेथे बिल करण्याची तीन काउंटर आहेत आणि प्रत्येकावर एक मुलगी बसते. कागदावर गेल्या महिन्याचा हिशेब होता. तिन्ही काउंटर मिळून साठ टक्के वेळ कामात, चाळीस टक्के वेळ रिकामी.

"काका, एवढा पगार नुसत्या बसण्याचा जातो," तो म्हणाला. "एक काउंटर काढून टाकले तर उरलेली दोन नव्वद टक्के भरतात. तरीही दहा टक्के वेळ हाताशी राहतोच. तुम्ही जन्मभर बँकेत आकडे पाहिलेत. यात काही चूक आहे का?"

गुणाकार-भागाकारात चूक नव्हती. तीन काउंटरांचे साठ टक्के म्हणजे दोन काउंटरांचे नव्वद टक्के, हे दुकानदाराच्या घरातले शाळकरी मूलही सांगेल. पण तो नव्वदचा आकडा वाचून मी काही वेळ गप्प बसलो. हाच आकडा आणि हाच युक्तिवाद मी स्वतः १९९४ साली एका कागदावर मांडला होता आणि त्याखाली सहीही केली होती.

त्या वेळी मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. वय छत्तीस. स्वतंत्र कारभाराची पहिलीच शाखा, आणि खर्च आटोक्यात ठेवणारा अधिकारी म्हणून आपले नाव व्हावे अशी उमेद. शाखेत संगणक आलेला नव्हता. ग्राहक विड्रॉल स्लिप भरून देई, कारकून त्याला पितळी टोकन देई, खतावणीत नोंद होई, अधिकाऱ्याची सही होई आणि मग स्लिप रोखपालाकडे जाई. रोखपाल टोकनाचा नंबर पुकारून पैसे देई. रोख देण्याच्या खिडक्या दोन होत्या, आणि दुपारी एकनंतर पाहावे तर दोन्ही रोखपाल हातावर हात ठेवून बसलेले दिसत. ते मला सहन होत नसे.

मी महिनाभराच्या स्लिपा मोजल्या. दिवसाला सरासरी ७२ निघाल्या. रोखीच्या व्यवहाराची वेळ दहा ते दोन, म्हणजे २४० मिनिटे. एका ग्राहकाचे पैसे मोजून देण्यास सरासरी ३ मिनिटे. बहात्तर त्रिक दोनशे सोळा. म्हणजे एकच रोखपाल पुरेसा होता आणि वर २४ मिनिटे शिल्लक राहत होती! मी वरच्या कार्यालयाला तसे लिहिले. शेजारच्या गावी माणसांची तूट होतीच. दुसऱ्या रोखपालाची तेथे नेमणूक झाली. वरिष्ठांचे कौतुकाचे पत्र आले. ते मी बरेच दिवस टेबलाच्या खणात जपून ठेवले होते.

त्यानंतर खिडकीसमोर रांग दिसू लागली. प्रथम मला वाटले, रोखपाल हात सैल सोडतो आहे. मी त्याला माझ्या खोलीत बोलावून बोललो. तो शांत स्वभावाचा मनुष्य होता. त्याने उलट उत्तर केले नाही. पण मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा त्याला एका ग्राहकामागे सरासरी तीन मिनिटेच लागत होती, क्वचित कमीच. आणि दीडच्या सुमारास तो पूर्वीसारखाच मोकळा बसलेला असे. म्हणजे माझी २४ मिनिटे तेथे होती. मी ती डोळ्यांनी पाहत होतो. मग साडेदहापासून बारापर्यंत लोक ताटकळत का उभे होते, हे मला उमगेना. उमगेना म्हणण्यापेक्षा, मी ते समजून घेण्याच्या भानगडीत पडलो नाही, असे लिहिणे अधिक खरे होईल.

आमच्याकडे निवृत्तिवेतनधारकांची संख्या मोठी होती. त्यांत एक प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी होते. पांढरे धोतर, कोट, काळी टोपी, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बरोबर साडेदहाला हजर. टोकन दिले की ग्राहकाने बाकावर बसावे, अशी आमची व्यवस्था होती. परंतु गुरुजींना ऐकू कमी येत असे. पुकारलेला नंबर आपल्याला ऐकू आला नाही तर पुढचा मनुष्य आत घुसेल, या धास्तीने ते खिडकीपाशीच उभे राहत. त्यांच्यासारखे आणखी बरेच वृद्ध तेथे उभे असत. दोन खिडक्या होत्या तेव्हा हे उभे राहणे पाच-सात मिनिटांचे असे.

एका महिन्याच्या पहिल्या तारखेस ११० स्लिपा आल्या. दिवसाची सरासरी ७२ असली तरी पहिली तारीख सरासरी पाळत नाही, हे पत्र लिहिताना मी विचारातच घेतले नव्हते. अकरा वाजून गेल्यावर बाहेर गलका झाला. मी खोलीतून आलो तेव्हा गुरुजी खाली पडले होते. तासाच्या आसपास ते उभे होते, असे लोक सांगत होते. चक्कर आली आणि ते कुशीवर पडले. मांडीचे हाड मोडले. त्यांना सोलापूरला हलवावे लागले.

संध्याकाळी टोकनांची मोजदाद झाली. ती रोज होई. एक टोकन कमी भरले. ते गुरुजींच्या कोटाच्या खिशात राहिले होते. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाने ते आणून दिले आणि विलंबाबद्दल माफी मागितली.

त्यांना घरी आणल्यावर एका रविवारी मी भेटायला गेलो. मनात शब्द जुळवून गेलो होतो. गुरुजी खाटेवर होते. मला पाहताच त्यांनी उठण्याचा प्रयत्न केला आणि विचारले, "साहेब, टोकन पोचले ना आपल्याकडे?" पोचले, म्हणून मी सांगितले. पुढे जे बोलायचे ठरवले होते ते मला बोलता आले नाही. चहा घेऊन मी परतलो.

त्या रात्री मी माळ्यावरून एम. कॉम.च्या वह्या काढल्या. आम्हाला एका विषयात प्रतीक्षा-रांगांचे प्रकरण होते आणि परीक्षेत त्यावरचे उदाहरण मी पूर्ण गुण मिळवून सोडवले होते. वही उघडली तर माझ्याच अक्षरात ते सूत्र तेथे होते. चौदा वर्षे ते माझ्याजवळ होते आणि पत्र लिहिताना मला त्याची आठवणही झाली नव्हती.

ते गणित थोडक्यात सांगतो, कारण व्यापारी माणसाला ते माझ्यापेक्षा लवकर पटेल. एक खिडकी आहे, एका ग्राहकाला सरासरी ३ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला २० ग्राहकांचे काम होऊ शकते. ग्राहक मात्र ठरवून येत नाहीत. कधी चार जण एकदम येतात, कधी दहा मिनिटे कोणीच येत नाही. कामालाही कोणाला एक मिनिट, तर कोणाला आठ. अशा स्थितीत तासाला १२ ग्राहक येत असतील, तर सूत्राप्रमाणे प्रत्येकाला सरासरी साडेचार मिनिटे थांबावे लागते. १६ येत असतील तर १२ मिनिटे. १८ येत असतील तर २७ मिनिटे. आणि १९ आले तर ५७ मिनिटे. शेवटचा एक ग्राहक वाढला आणि प्रतीक्षा दुपटीहून अधिक झाली. २० आले तर रांगेला अंतच उरत नाही. ती वाढतच जाते. माझे ७२ भागिले ४ म्हणजे नेमके तासाला १८ होत होते. चार तासांत उघडून बंद होणाऱ्या शाखेत हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण वळण हेच राहते.

असे का व्हावे? माझी चूक अशी होती की ती २४ मिनिटे मी शिलकीसारखी धरली. रोख शिल्लक आज उरली तर उद्या वापरता येते. धान्य आज खपले नाही तर गोदामात राहते. रोखपालाचे रिकामे मिनिट मात्र साठवता येत नाही. दीड वाजता तो मोकळा बसला, ते मिनिट अकराच्या गर्दीला देता आले नाही. शिल्लक होती, पण ती जेव्हा कोणालाच नको होती तेव्हाची होती.

हे गणित प्रथम मांडणारा मनुष्य डेन्मार्कचा. आग्नर क्रारूप एरलांग त्याचे नाव. जन्म १८७८, एका शिक्षकाचा मुलगा. काही वर्षे त्याने शाळांत शिकवलेही, आणि १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. तेथे प्रश्न असा होता की, फोन करणाऱ्यांना फार ताटकळावे लागू नये यासाठी किती तारा टाकायच्या आणि किती ऑपरेटर ठेवायचे? तारा जास्त टाकल्या तर तांबे वाया जाते, कमी टाकल्या तर गिऱ्हाईक तुटते. आपल्या धंद्यातलाच पेच. एरलांगने १९०९ साली त्यावरचा पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये ती सूत्रे दिली जी दूरध्वनीच्या क्षेत्रात आजही वापरली जातात. १९२९ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो वारला. टेलिफोनवरील कामाचा भार मोजण्याच्या एककाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

एरलांगची रीत दोन खिडक्यांना लावून पाहिली तेव्हा मी खरा चकित झालो. तेच १८ ग्राहक, पण खिडक्या दोन आणि रांग एकच. जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा मनुष्य जाईल. मला वाटले, २७ मिनिटांची साडेतेरा होतील. सूत्राप्रमाणे सरासरी प्रतीक्षा येते सुमारे ४६ सेकंद! आणि त्याच दोन खिडक्यांसमोर दोन वेगळ्या रांगा लावल्या, लोक निम्मे-निम्मे वाटले गेले व कोणी रांग बदलली नाही, तर तीच प्रतीक्षा जवळजवळ अडीच मिनिटे. एका रांगेत कोणाचा नशिबाचा भाग राहत नाही. पुढच्याची सही जुळत नसली तरी मागचे सगळे अडकत नाहीत. (लग्नातील जेवणाच्या टेबलाची एकच बाजू खुली ठेवून दोनशे माणसांची रांग लावणाऱ्या यजमानांनीही यावर विचार करावा, असे मला दर लग्नसराईत वाटते.)

दुसरा रोखपाल परत मिळवण्यास मला पाच महिने लागले. एक माणूस जास्त आहे असे कळवणारे पत्र आठ दिवसांत मंजूर होते. तोच माणूस परत मागणारे पत्र प्रत्येक टेबलावर विसावा घेते. शिवाय माझेच पहिले पत्र माझ्यापुढे धरले जाई. त्या पाच महिन्यांत जे करता आले ते केले. खिडकीजवळचा मोकळा भाग रिकामा करून तेथे बाक आणले आणि नंबर पुकारण्याबरोबर पाटीवर खडूने लिहिण्याची सोय केली. सूत्र आणखी एक गोष्ट सांगते: प्रत्येकाच्या कामाला सारखाच वेळ लागू लागला, तर तेवढ्यानेच प्रतीक्षा निम्मी होते, २७ ची साडेतेरा. म्हणून एक कारकून दारापाशी बसवला. अपुरी स्लिप, राहिलेली सही तो तेथेच दुरुस्त करून घेई. याचा उपयोग चांगला झाला.

एक उपाय मात्र साफ फसला. खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे निवृत्तिवेतनधारकांनी पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी यावे, अशी सूचना मी फळ्यावर लावली. कोणीही मानली नाही. मी एका आजोबांना कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, किराणावाल्याची उधारी एक तारखेला द्यायची असते. तो तीन तारखेपर्यंत थांबेल, पण मला त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागेल." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. किराणावाले आपल्यापैकीच कोणी असतील.

याच विषयातील एक नियम असा आहे की जो आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, फक्त त्याला नाव देत नाही. रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. १९६१ साली जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने तो सिद्ध केला. आता हाच नियम गोदामात नेऊन पाहा. रोज ४० पोती खपतात आणि गोदामात सरासरी ६०० पोती असतात, तर एक पोते सरासरी १५ दिवस पडून राहते. रोजची उधारीची विक्री २० हजारांची आणि येणे ६ लाखांचे, तर आपला पैसा ३० दिवस बाहेर असतो. कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवताना मी शेकडो दुकानांचे माल आणि येणे अशाच रीतीने दिवसांत मोजले. मालाचे दिवस मोजले, पैशाचे दिवस मोजले. समोर उभ्या माणसाची मिनिटे मात्र मोजली नाहीत, कारण ती कोणत्याच खतावणीत येत नव्हती. रोखपालाचा पगार खर्चात दिसतो. गुरुजींचा तास कोणाच्या खर्चात पडला?

गणिताचा आधार सुटतो असा प्रसंगही मी पाहिला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँका लोकांसाठी बंद राहिल्या आणि १० तारखेला आम्ही दार उघडले, तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती. येणारे लोक आपल्या शक्तीपेक्षा अधिक असले की सरासरी प्रतीक्षा नावाची गोष्टच राहत नाही. तेथे एवढेच ठरवता येते की कोणी कोठे थांबायचे. मी सकाळीच चिठ्ठ्यांवर नंबर आणि अंदाजे वेळ लिहून वाटल्या आणि वृद्धांना आत खुर्च्यांवर घेतले. काही लोक रागावले. त्यांनाही उन्हातच उभे राहायचे होते. राग स्वाभाविक होता.

तर पुतण्याचा कागद. मी त्याला पेन घेऊन बसवले. त्याच्याकडे एका बिलाला सरासरी ४ मिनिटे लागतात. तीन काउंटर साठ टक्के भरलेली असताना गिऱ्हाईक सरासरी सव्वा मिनिटही थांबत नाही. दोन काउंटर नव्वद टक्के भरली की तेच गिऱ्हाईक सतरा मिनिटे थांबेल. त्याने गणित दोनदा तपासले आणि म्हणाला, "काका, हे पुस्तकातले झाले. माझ्या दुकानात सतरा मिनिटे कोण थांबेल? दुसरीकडे जाईल."

"तेच तर," मी म्हणालो. "जाईल, आणि तुझ्या कागदावर तो आलाच नव्हता असे दिसेल."

त्याचे समाधान झाले नव्हते. म्हणून पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या दुकानात दाराजवळ स्टुलावर बसलो. सहा ते आठ, दर दहा मिनिटांनी तिन्ही काउंटरांसमोर थांबलेली माणसे मोजली. ज्याचे बिल चालू आहे तो धरला नाही. सरासरी बारा आली. बिले तासाला ४२ झाली होती. लिटलचा नियम लावला: १२ भागिले ४२, म्हणजे सतरा मिनिटे. तिन्ही काउंटर चालू असताना, दिवाळी अजून लांब असताना, शनिवारची प्रतीक्षा आजच सतरा मिनिटांची होती. त्याच्या कागदावरचे साठ टक्के हे मंगळवारच्या दुपारचे आणि शनिवारच्या संध्याकाळचे मिळून होते. माझ्या ७२ स्लिपांसारखेच.

तो ते आकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने कोठारात काम करणाऱ्या एका मुलाला बिल करायला शिकवले आणि शनिवार-रविवारी चौथे काउंटर उघडण्याचे ठरवले. तिसरे काउंटर राहिले. दुपारी मोकळ्या असलेल्या मुलींना तो डाळीची पाकिटे भरायला देतो. रांगेत तिसरा माणूस आला की घंटा वाजते आणि त्या परत येतात. रिकामा हात त्याला बघवत नाही, त्याला इलाज नाही. मला विचारून त्याने ते स्टूलही काउंटरजवळ कायमचे ठेवून घेतले.

गुरुजी त्यानंतर बँकेत आले नाहीत. त्यांचे पैसे मुलगा नेई. नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, त्यासाठी दोन वर्षे मी स्वतः त्यांच्या घरी गेलो आणि त्यांची सही घेतली. काठी घेऊन ते अंगणापर्यंत येत. दुसऱ्या वर्षी मी त्यांना सगळे सांगितले: पत्र, ७२ स्लिपा, २४ मिनिटे. त्यांनी कानाला हात लावून नीट ऐकले. मग त्यांनी मुलाकडून पाटी-पेन्सिल मागवली आणि मला तो हिशेब पुन्हा एकदा, सावकाश मांडून दाखवायला सांगितले.